रेघ कुठून कुठे

साकीनाक्याच्या गाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर आम्ही.
खाली कुणीतरी दिवसभर पितळ कातत असतं,
त्याचा बारीक कीस जिन्यावर येतो, चपलांना लागून
आमच्या कार्पेटवर.

पाच जण मिळून
चित्र काढायचं साधन निवडतोय.
चित्र म्हणजे तक्त्यांचं.
मानखुर्दच्या एका प्रसूतिगृहाच्या वह्या
आता सर्व्हरवर यायच्यात:
बाई, बाळ, खाट, डॉक्टर, बिल,
आणि कोण कोणाचं
ते सांगणाऱ्या रेघा.

आजवर या रेघा तांडेलसरांच्या डोक्यात होत्या.
थोड्या फळ्यावर,
ज्याच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं
पुसू नये.
गणपतीच्या सजावटीत कुणीतरी फळा पुसला.
उरलं ते फक्त
पुसू नये.

पहिलं साधन देखणं.
तक्ता सरकवला की रेघा मागून येतात
मासळीवालीमागे मांजरं यावीत तशा.
पण पैसे माणशी, महिन्याला, आणि डॉलरमध्ये.
फरझानाने गुणाकार केला
आणि कागद उलटा ठेवला.

दुसरं फुकट. त्यात काढायचं नाही, लिहायचं.
आपण ओळी लिहायच्या, मांडणी त्याची.
कालचं आणि आजचं शेजारी ठेवून
काय बदललं ते दाखवतं.
लोपीस त्याच्यावर फिदा.
सदतीसावा तक्ता घातला
तेव्हा माळ्यावरून काढलेल्या दिव्यांच्या माळेसारखा
सगळा गुंता पडद्यावर.
लोपीस म्हणाला, गुंता तुमच्या डोक्यात आहे,
हे फक्त खरं बोलतंय.

तिसऱ्याची मुदत जेवायच्या सुट्टीत संपली.

मी शीट केली. निकष, वजन, गुण.
जुना डेटाबेस वाचतं का,
दोघांनी एकदम हात घातला तर कोणाचं टिकतं,
उद्या कंपनी बुडाली तर आपलं चित्र आपल्याला परत मिळतं का.
दोघांना एकोणतीस.
वजनं बदलली.
तरी एकोणतीस.

शुक्रवारी रेकॉर्डच्या गमरेबाई आल्या,
बिलाचं काहीतरी विचारायला.
चहा येईपर्यंत चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या.
हे काय, नळाची लाइन?
नाही बाई, नाती आहेत.

त्यांनी बोट काचेवर टेकवलं.
बाळापासून निघाल्या,
वळसा घेत, रेघ न सोडता,
वडिलांपाशी थांबल्या.
इथे या दोन काड्या कशाच्या?

तांडेलसर म्हणाले, म्हणजे एकच, आणि असायलाच हवा.

असायलाच हवा, गमरेबाई म्हणाल्या,
जशी एखादी भाजीचा भाव परत बोलून बघते तशा.
मग म्हणाल्या, आमच्या वहीत तो रकाना
किती वेळा कोरा सुटलाय ते मोजायला या एकदा.
एका पोरीने सांगितलं, लिहा आभाळ.
मी लिहिलं. छान अक्षरात लिहिलं.
तुमचं हे काय करेल?
बाळाला आत घेणार नाही?

घेतलं नसतं.
लाल पट्टी दाखवली असती, कृपया माहिती भरा,
आणि रात्री तीनला कुठलीतरी नर्स
पट्टी जावी म्हणून
काहीतरी भरत बसली असती.

तांडेलसर काही बोलले नाहीत. रेघ त्यांचीच होती.
माऊस घेतला.
एका क्लिकवर एका काडीचा
बारीक गोल झाला.
असेल, नसेल.

फरझानाने माझ्या शीटमध्ये एक रकाना वाढवला:
चहाला थांबलेल्या माणसाला वाचता येतं का.
मग म्हणाली, काढणारे दोघंच पुरेत,
दोन सीट घेऊ.
बघणाऱ्यांना फुकट आहे.

लोपीस अजून बाजूला त्याच्या ओळी लिहितो.
त्याचं आणि आमचं दर बुधवारी जुळत नाही.

गमरेबाई जिन्यावरून परत वर आल्या त्या दिवशी,
पदराला पितळेचा कीस.
अहो, बिलाचं राहिलंच.

आम्ही पडद्याकडे पाहिलं.
बाई एका टोकाला, बिल दुसऱ्या,
आणि मध्ये रेघ
आम्ही काढलेलीच नव्हती.